हेडलाइटची चमक नको, उजेड विका

दिवेलागणीच्या वेळी वाटूर फाट्यावर घटकाभर उभे राहून पाहावे. जालन्याहून मंठ्याकडे जाणारा रस्ता आणि परतूरकडे फुटणारी वाट येथे एकत्र येतात. मोसंबीच्या गाड्या, कापसाचे टेम्पो, काळी-पिवळी जीप, लग्नाहून परतणारी वऱ्हाडे आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या, सगळ्यांची वर्दळ याच तोंडावर. अंधार दाटू लागला की एकेक गाडी दिवे लावते. नव्या गाडीचा उजेड रस्त्यावर पडलेला स्पष्ट दिसतो. पण दहा-बारा वर्षे झालेल्या गाडीकडे पाहा. मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यासारखा तिचा दिवा पिवळट आणि धुरकट झालेला असतो. आत बल्ब जळतो आहे एवढे कळते, पण रस्त्यावर उजेड पडत नाही.

हे दिवे घासून-पुसून पुन्हा स्वच्छ करण्याचा धंदा गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत आला आहे. डेंटिंग-पेंटिंग, वायरिंग, गाडी धुणे, सीट कव्हर या कामांत आपले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यामुळे हे कामही साहजिकच त्यांच्याकडे येते. भांडवल थोडे, कर्ज काढण्याची गरज नाही, जागा बेताची आणि हाताला मात्र हुनर लागते. असा धंदा आपल्या तरुणांनी जरूर करावा, असे आम्हांला वाटते. मात्र आज तो ज्या तऱ्हेने चालला आहे, त्याबद्दल चार शब्द स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमचाच अनुभव सांगतो. एका उन्हाळ्यात आम्ही आमच्या जुन्या गाडीचे दिवे एका गॅरेजात साफ करून घेतले. मिस्त्रींनी कागद मारला, पॉलिश लावली, कापड फिरवले आणि अर्ध्या तासात दिवे आरशासारखे चमकू लागले. आम्ही खूश, मिस्त्री खूश. पावसाळा संपून ऊन पडू लागले तेव्हा पाहतो तर दिवे पूर्वीपेक्षाही पिवळे! पुन्हा त्या गॅरेजात गेलो तर उत्तर मिळाले, "भाई, प्लास्टिक आहे, पिवळे पडणारच. परत घासून देतो." म्हणजे परत पैसे. मिस्त्रींची नियत वाईट होती असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी ज्या उस्तादाकडे पाहिले त्यानेही एवढेच शिकवले असावे. पण काम अर्धे झाले होते, आणि अर्ध्या कामाचे नुकसान गिऱ्हाइकाच्या पदरी पडले.

नावाची काच

आपण अजूनही हेडलाइटची "काच" म्हणतो. अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी, जुनी जीप यांच्या दिव्यांना खरोखरच काच होती. ती दगड लागून फुटे, पण उन्हाने पिवळी पडत नसे. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले आणि तो जमाना संपला. आजच्या मोटारींच्या दिव्यांवर पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. ते १९५३ साली जर्मनीतील बायर कंपनीत हर्मान श्नेल या रसायनतज्ज्ञाने तयार केले. त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे डॅनियल फॉक्स यांनाही ते साधले. अमेरिकेत १९८३ पर्यंत मोटारींना ठरावीक आकाराचे बंद काचेचे दिवेच लावावे लागत. नियम बदलल्यावर १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हन या गाडीला तेथे प्रथम नव्या तऱ्हेचे प्लास्टिकचे दिवे आले. पुढे सगळ्या जगाने तीच वाट धरली. कारण हे प्लास्टिक वजनाला हलके, हातोडी मारली तरी सहसा न फुटणारे आणि हव्या त्या आकारात वळणारे आहे.

दोष मात्र दोन आहेत. ते काचेपेक्षा मऊ असल्याने त्यावर चरे पडतात. आणि उन्हातील अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक, पारदर्शक लेप चढवलेला असतो. हा लेप माणसाच्या केसाहूनही पातळ असतो, पण दिव्याचे सारे रक्षण तोच करतो. वर्षानुवर्षांचे ऊन, रस्त्यावरची वाळू, धुताना वापरलेला कडक साबण यांनी तो झिजतो, त्याला बारीक तडे जातात आणि पापुद्रे सुटू लागतात. मग ऊन थेट प्लास्टिकला भिडते. अतिनील किरण प्लास्टिकच्या आतील बंध तोडतात, हवेतील प्राणवायू तेथे शिरतो आणि पिवळी द्रव्ये तयार होतात. आपल्या जालना जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि बहुतेक गाड्या झाडाखालीदेखील नव्हे, उघड्या उन्हात उभ्या असतात. तेव्हा येथे दिवे लवकर पिवळे पडले तर नवल नाही.

गिऱ्हाईक विचारते, "मग मागचा लाल दिवा का पिवळा पडत नाही?" याचे उत्तर कारागिराला ठाऊक हवे. मागचे दिवे बहुधा अ‍ॅक्रिलिकचे असतात. ते प्लास्टिक ऊन चांगले सोसते, पण ठोकर आणि उष्णता तितकी सोसत नाही. म्हणून पुढे एक आणि मागे दुसरे.

अर्धे काम म्हणजे काय

आता मुद्द्यावर येऊ. पिवळा दिवा घासला की काय होते? खराब झालेला थर निघून जातो. त्यासोबत कारखान्याच्या लेपाचे उरलेसुरले तुकडेही निघतात. खाली चांगले प्लास्टिक लागते, ते पॉलिशने चमकते. पण ते आता उघडे असते. ज्या लेपाने त्याला आठ-दहा वर्षे सांभाळले, तो राहिलेला नाही. अशा दिव्याची चमक काही आठवडे, फार तर काही महिने टिकते, आणि नंतरचा पिवळेपणा पहिल्याहून लवकर येतो. टूथपेस्टने घासले तरी तेच आणि महागड्या परदेशी पॉलिशने घासले तरी तेच. घासणे ही दुरुस्तीची पहिली पायरी आहे. नवा संरक्षक लेप चढवल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण होत नाही.

भिंतीचा जुना रंग खरवडला, पण नवा लावलाच नाही, तर त्याला रंगकाम म्हणता येईल का? आमच्या पेंटर बांधवांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. गाडीच्या पत्र्यावर क्लिअर न मारता ते गाडी कधी बाहेर काढणार नाहीत. मग त्याच गाडीच्या दिव्याला वेगळा न्याय का?

पुष्कळ ठिकाणी आता आणखी एक प्रकार दिसतो. एका भांड्यात रसायन तापवतात, त्याची वाफ नळीतून दिव्यावर सोडतात आणि पाहता पाहता धुरकट दिवा पाण्यासारखा नितळ होतो. पाहणाऱ्याला जादू वाटते. प्रत्यक्षात ती वाफ प्लास्टिकचा वरचा थर विरघळवते आणि तो पसरून सपाट होतो. अशी रसायने बहुधा क्लोरोफॉर्मच्या जातीची असतात. त्यांनी प्लास्टिकला आतून ताण बसतो आणि पुढे बारीक तडे जाण्याचा धोका राहतो. असे तडे घासून निघत नाहीत. उन्हापासून रक्षणही होत नाही. आणि ती वाफ छातीत गेली तर काय होते, हे पुढे सांगतो.

रात्रीचा हिशेब

कोणी म्हणेल, एवढ्याशा दिव्यासाठी एवढा लांबलचक लेख कशाला? याचे कारण असे, की येथे सवाल शोभेचा नाही. तासी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो आणि नंतर गाडी थांबेपर्यंत आणखी वीसेक मीटर. म्हणजे कोरड्या रस्त्यावरदेखील चाळीस-पन्नास मीटर हवेतच. आता मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली, बैलगाडी किंवा काळे घोंगडे पांघरून रस्त्याच्या कडेने चाललेला माणूस डोळ्यांपुढे आणा. दिवा जर तीस मीटरच दाखवत असेल, तर उरलेल्या अंतरात जे व्हायचे ते होणारच.

अमेरिकेतील मोटारचालकांच्या 'एएए' या संघटनेने २०१८ साली अशा दिव्यांची तपासणी प्रसिद्ध केली. धूसर झालेले दिवे डिपरवर नव्या दिव्याच्या अवघा २२ टक्के प्रकाश देत होते. दुरुस्तीनंतर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. कंपनीचा नवा दिवा बसवला तर अर्थातच पूर्ण. याच तपासणीत असेही दिसले, की दुरुस्त दिव्याचा समोरच्याच्या डोळ्यांवर येणारा भपका तेथील नियमात बसण्याइतका कमी झाला नाही. हे दोन्ही आकडे आपल्या कारागिरांनी लक्षात ठेवावेत. पहिला सांगतो की हे काम किती मोलाचे आहे. दुसरा सांगतो की "एकदम नव्यासारखा करून देतो" असे वचन कोणाला देऊ नये.

धुरकट दिव्याने उजेड कमी होतो, तसा तो फाकतोही. जो प्रकाश रस्त्यावर पडायला हवा तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. ड्रायव्हरला वाटते बल्ब मंद आहे. म्हणून तो ६०/५५ वॅटचा बल्ब काढून शंभरचा लावतो, नाहीतर बाजारातला पांढराशुभ्र एलईडी बसवतो. शंभरच्या बल्बने होल्डर आणि वायरिंग तापते, प्लास्टिकही तापते आणि समोरच्याला मात्र आणखी दिसेनासे होते. आजार एक आणि औषध भलतेच. वायरिंगवाल्या बांधवांनी असा बल्ब मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी त्याच्या दिव्याचे प्लास्टिक दाखवावे. गाडी फिटनेसला नेली की दिवेही तपासले जातात, हेही सांगावे.

पूर्ण काम असे करावे

ज्यांना हे काम येते त्यांनी आमची धिटाई माफ करावी. नव्याने शिकणाऱ्यांसाठी लिहितो.

प्रथम दिवा स्वच्छ धुऊन त्यावर पाण्याचा हात फिरवावा. ओला असताना तो नितळ दिसला, तर खराबी वरच्या अंगाला आहे आणि घासून निघेल. ओला असूनही धुरकट राहिला, तर दोष आत किंवा खोलवर आहे. आतून वाफ धरली असेल तर सील गेलेले असते. आतला चकचकीत रिफ्लेक्टर काळवंडला किंवा त्याचा मुलामा उडाला असेल, तर बाहेरून कितीही घासा, उजेड येणार नाही. अशा गिऱ्हाइकाला सरळ सांगावे की दिवा बदलावा लागेल. काम हातचे गेले तरी चालेल.

काम हाती घेतल्यावर दिव्याभोवतीच्या पत्र्याला आणि बंपरला मास्किंग टेप दोन पदरी लावावी. एका दिव्याच्या नादात बोनेटचा रंग गेला तर साऱ्या दिवसाची कमाई त्यात जाते. मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करावी. लेपाचे पापुद्रे फारच निघाले असतील तर ६०० पासून. नंतर १०००, १५०० आणि २०००. प्रत्येक वेळी भरपूर साबणपाणी, आणि प्रत्येक नंबरला हात आडवा-उभा बदलावा, म्हणजे आधीच्या कागदाचे चरे राहिले की लगेच दिसतात. सुरुवातीला पाणी पिवळसर दुधाळ निघते, जुना लेप पूर्ण गेला की पांढरे. कडेला लेप राहिला तर नंतर तेथेच डाग उमटतो. घाई करणाऱ्याचे काम बहुधा पहिल्याच कागदावर बिघडते.

येथपर्यंत दिवा दुधी काचेसारखा दिसतो आणि गिऱ्हाइकाचा जीव खाली-वर होतो. त्याला आधीच सांगून ठेवावे. क्लिअर मारायचा असेल तर या वेळी पॉलिश लावू नये, कारण पॉलिशमधील तेल किंवा मेण राहिले तर लेप धरत नाही. बारीक चरे क्लिअरनेच भरून निघतात. दिवा पूर्ण वाळू द्यावा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावा. पेट्रोल किंवा थिनर लावू नये. त्यांनी या प्लास्टिकला तडे जातात.

नंतर हार्डनर मिसळण्याचा, ऊन सोसणारा, गाडीच्या पत्र्यावर मारतो तो दोन भागांचा क्लिअर वापरावा. डब्यावर अतिनील किरणांपासून रक्षणाचा उल्लेख आहे का ते वाचावे. लाकडावर मारायची साधी लॅकर चालत नाही. ती स्वतःच पिवळी पडते. पहिला हात अगदी हलका, नंतर दोन पुरेसे हात. सुकण्याचा वेळ डब्यावर लिहिला असेल तेवढा द्यावा. अर्ध्या दिवसाचे काम अर्ध्या तासात होत नाही, आणि ज्याला तेवढा वेळ नाही त्याला दुसऱ्या दिवशी बोलवावे. स्प्रेची सोय नसेल तर हाताने पुसून लावायचे लेप आणि दिव्यासाठीची पारदर्शक फिल्मही बाजारात मिळते. फिल्म पारदर्शकच असावी. काळसर फिल्म लावून उजेड परत कमी करण्यात काय अर्थ?

शेवटी गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर उभी करून डिपर पाहावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा किंचित खाली पडली पाहिजे. स्वच्छ झालेला दिवा जर वर पाहत असेल, तर तो धुरकट दिव्यापेक्षाही समोरच्याला जास्त त्रास देतो. हे दोन मिनिटांचे काम पुष्कळ जण सोडून देतात.

आधी आपली छाती

कारागिराच्या तब्येतीबद्दल आपल्याकडे फारच बेफिकिरी आहे. दोन भागांच्या क्लिअरमधील हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासावाटे गेला की दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्या वासानेही माणूस धापा टाकतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कागदी मास्क याला अडवत नाही. गाळणीच्या डब्या असलेला मास्क लागतो आणि त्या डब्या वेळच्या वेळी बदलाव्या लागतात. वाफेच्या प्रकारात तर धोका आणखी. क्लोरोफॉर्मच्या जातीची वाफ बंद शेडमध्ये कोंडली तर चक्कर येते, यकृताला इजा होते. आणि ती आगीच्या ज्वाळेत सापडली तर अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो. शेजारी वेल्डिंग चालू आहे आणि इकडे वाफ सोडली आहे, असे दृश्य कोणत्याही फाट्यावर दिसू नये. वाफेचा हा धंदा आपल्या बांधवांनी सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि शागिर्दांबद्दल एक शब्द. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने सर्वच धंद्यांत मनाई आहे. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मूल हाताशी आले, तरी अशा घातक रसायनांजवळ त्याला येऊ देऊ नये. कागद मारायला मुलगा बरा पडतो, हा विचार मनातून काढून टाकावा. तो शिकला तर उद्या स्वतःचे दुकान चालवील.

दराची अडचण

आम्ही हे बोललो की कारागीर म्हणतात, "तुमचे सगळे खरे, पण गिऱ्हाईक म्हणते, चाचा, दोनशे रुपयांत करून द्या, नाहीतर पलीकडे जातो. मग क्लिअर कोठून मारू?" अडचण खरी आहे. आम्ही ती नाकारीत नाही. गावातला गिऱ्हाईकही काही मुद्दाम अडून बसत नाही. त्याला दोन कामांतला फरक कोणी दाखवलेलाच नसतो.

तो फरक दाखवणे कारागिराच्या हाती आहे. दुकानात एक जुना, मोडीत निघालेला दिवा ठेवावा. त्याचे तीन भाग करावेत. एक तसाच पिवळा, दुसरा घासून पॉलिश केलेला, तिसरा घासून क्लिअर मारलेला. तो दिवा दुकानाबाहेर उन्हात टांगून ठेवावा. एका उन्हाळ्यात तो गिऱ्हाइकाशी असे काही बोलेल की तुम्हांला तोंड उघडावे लागणार नाही. यासारखी जाहिरात दुसरी नाही, आणि तिला खर्चही नाही.

दोन कामांचे दोन दर पाटीवर लिहावेत. केवळ पॉलिश हवी असेल त्याला तीही द्यावी, पण "ही काही महिनेच टिकेल" असे पावतीवर लिहून द्यावे. पूर्ण कामाच्या पावतीवर तारीख टाकावी आणि ठरावीक मुदतीत लेप सुटला तर फुकट करून देऊ, असे लिहावे. मुदत आपल्या हातावर भरवसा असेल तेवढीच. नीट मारलेला लेप आपल्या उन्हातही वर्ष-दोन वर्षे काढतो. पुष्कळ गाड्यांच्या नव्या दिव्यांची जोडी हजारांच्या घरात जाते. कागद, क्लिअर, टेप यांचा खर्च शेकड्यांत बसतो. मधल्या जागेत कारागिराच्या मेहनतीला रास्त मोल मिळण्यास भरपूर वाव आहे. गिऱ्हाइकाचाही फायदा होतो. तेव्हा दर पाडण्याच्या शर्यतीत उतरण्याचे कारण नाही.

फाट्यावरच्या आसपासच्या दुकानांनी मिळून काम वाटून घेतले तर आणखी सोपे होईल. ज्याच्याकडे कंप्रेसर आणि स्प्रे गन आहे त्याने क्लिअरचे काम करावे, गाडी धुणाऱ्याने घासाईचे, वायरिंगवाल्याने बल्ब आणि डिपर पाहण्याचे. एका डब्याचा क्लिअर एकदा हार्डनर मिसळला की ठेवता येत नाही. चार गाड्या एका दिवशी घेतल्या तर तो वाया जात नाही. ऊस आणि कापसाच्या हंगामाआधी, लग्नसराईआधी आठवड्यातला एक दिवस या कामासाठी ठरवून पाटी लावावी.

विकण्यापुरती चमक

सर्वांत नाजूक गोष्ट आम्ही शेवटी ठेवली आहे. जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत आपले पुष्कळ लोक आहेत. गाडी विकायला काढली की दलाल सांगतो, "दिवे चमकवून दे, टिकायची काळजी करू नको, गिऱ्हाईक आले की झाले." कारागीरही तेवढ्यापुरते करून देतो. खरेदी करणारा कोणी शेतकरी, कोणी नवी नोकरी लागलेला मुलगा असतो. दिवे पाहून गाडी चांगली सांभाळलेली आहे असे त्याला वाटते. दोन-तीन महिन्यांनी दिवे उतरतात, आणि एखाद्या रात्री मंठ्याच्या रस्त्यावर तो आपल्या बायको-मुलांना घेऊन त्याच दिव्यांच्या भरवशावर निघतो.

मालातला दोष झाकून विकू नये, ही गोष्ट आपल्या घरात मुलांना लहानपणीच शिकवली जाते. धान्याच्या राशीत ओले खाली आणि कोरडे वर ठेवणाऱ्याला आपण काय म्हणतो ते सर्वांना ठाऊक आहे. दिव्याची दोन महिन्यांची चमक त्याहून निराळी नाही. दलालाने पूर्ण काम करून घ्यावे आणि गाडीची किंमत तेवढी वाढवून सांगावी. नाहीतर दिवे पिवळे आहेत तसे दाखवावेत आणि तेवढे पैसे कमी घ्यावेत. दोन्ही मार्ग खुले आहेत, आणि दोन्हींत मान आहे. कारागिरानेही केवळ विकण्यापुरते काम मागणाऱ्याला हात जोडावेत.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने दाखवून दिले, की आपल्या समाजात पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या हुनरावर पोट भरणारे जास्त आहेत. अशा माणसाच्या पाठीशी कंपनीचे नाव नसते, सरकारचा शिक्का नसतो. लोक म्हणतात, "त्या मिस्त्रीकडे जा, तो सांगेल ते खरे." ही त्याची सारी पुंजी. ती बापाकडून मुलाला मिळते आणि एका अर्ध्या कामाने जातेही. ती राखायची असेल तर सुरुवात अशाच लहानशा कामापासून होते, जेथे फसवले तरी लगेच कळत नाही.

वाटूर फाट्यासारख्या ठिकाणी बसलेल्या कारागिराला आम्ही एवढेच सांगू इच्छितो. तुमच्या दुकानातून निघालेली गाडी थोड्याच वेळात अंधारात शिरणार आहे. तिच्यात कोण बसले आहे, पुढे रस्त्यावर कोण चालले आहे, हे तुम्हांला ठाऊक नाही. कदाचित तुमचाच भाऊ परतूरच्या स्टेशनावर गाडीतून उतरून पायी घरी येत असेल. तो दिसेल एवढा उजेड त्या दिव्यात आहे का, हे पाहूनच गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यावेत.